फोटो त्याने पसरवला, नाव मात्र तिचे झाले

नोव्हेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या भारतीय संकेतस्थळावर एक चित्रफीत १२५ रुपयांना विक्रीस लागली. दिल्लीतील एका शाळकरी मुलाने एका शाळकरी मुलीबरोबरचे खासगी क्षण मोबाइलवर टिपले होते, ती फीत या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिली होती आणि अखेर आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने ती विकायला ठेवली होती. २७ नोव्हेंबरच्या रात्री लागलेली जाहिरात २९ तारखेच्या सकाळी काढण्यात आली, तोवर आठ जणांनी ती विकत घेतली होती. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जाहिरातीचा मथळा निकालपत्रात नोंदला गेला. त्या मथळ्यात शाळेचे नाव होते, 'मुलगी' हा शब्द होता आणि ती मजा करते आहे, असे सांगितले होते. चित्रण करणारा मुलगा त्यात नव्हता, फीत पुढे पाठवणारे नव्हते आणि विकणाराही नव्हता. एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या अन्यायाचे वर्णन तिचीच मौज म्हणून झाले होते.

ऑनलाइन शोषणाच्या प्रकरणांत बाईसाठी वापरले जाणारे असे शब्द म्हणजे घटना घडून गेल्यानंतरची शेरेबाजी, असे आपण सहसा मानतो आणि त्यांकडे दुर्लक्ष करावे, असा सल्ला देतो. मला हे पटत नाही. हे शब्द गुन्ह्याच्या आधीपासून तयार असतात, गुन्हेगाराला ते तोंडपाठ असतात आणि त्यांच्याच भरवशावर तो आपला डाव मांडतो. हे नेमके कसे घडते, ते या लेखात सांगतो आहे.

खंडणीसाठी येणारा संदेश साधारण असा असतो: "पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या वडिलांना पाठवतो." पैशांच्या जागी कधी आणखी फोटोंची मागणी असते, कधी भेटायला येण्याची, कधी मोडलेले नाते पुन्हा जोडण्याची. या वाक्यातला धाक कशात आहे, ते पाहिले पाहिजे. फोटोला स्वतःची किंमत नसते. नग्न शरीराची चित्रे इंटरनेटवर अमाप आणि फुकट उपलब्ध आहेत. धमकी देणाऱ्याने खरा हिशेब मांडलेला असतो तो फोटो पाहिल्यावर वडील काय म्हणतील, चुलते काय म्हणतील, सोसायटीतल्या बायका काय कुजबुजतील आणि ठरू घातलेले लग्न राहील की मोडेल याचा. "टाळी एका हाताने वाजत नाही", "आग असल्याशिवाय धूर निघत नाही", "तूच काहीतरी केलं असशील" ही वाक्ये तो स्वतः बोलत नाही, ती घरच्यांनी बोलावीत याची त्याने सोय केलेली असते. जिथे घरचे लोक मुलीला पहिल्याच क्षणी सांगतात की तुझी काही चूक नाही, आपण तक्रार करू, तिथे त्याचे हत्यार बोथट होते. दोष देण्याची आपली सवय हे त्याचे भांडवल आहे, आणि ते त्याला आपण बिनव्याजी पुरवतो.

या भांडवलाची किंमत मुलगी अनेक अंगांनी चुकवते. घरी कळले की पहिल्यांदा तिचा फोन काढून घेतला जातो, मग कॉलेजला जाणे थांबते आणि लवकरच स्थळे पाहायला सुरुवात होते. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे घरच्यांची काळजी असते, हे मी नाकारत नाही. पण पुरावा त्या फोनमध्येच असतो, मदत मागण्याचे साधनही तेच असते, आणि ते काढून घेतल्यावर ती धमकी देणाऱ्याच्या हातात अधिकच सापडते. पुढच्या वेळी तिच्या धाकट्या बहिणीवर असाच प्रसंग आला तर ती घरी सांगणार नाही, कारण सांगितल्यावर काय होते ते तिने पाहिलेले असते.

पुरुषही या सापळ्यात सापडतात, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. अनोळखी खात्यावरून मैत्रीची विनंती येते, व्हिडिओ कॉल येतो, काही सेकंदांचे चित्रण होते, आणि मग कोणीतरी पोलीस अधिकारी असल्याचा आव आणून पैसे मागू लागतो. देशभरातल्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारी आहेत आणि लाजेपायी तोंड न उघडणारे पुरुषही पुष्कळ आहेत. पण भाषा इथे काय करते, ते पाहण्यासारखे आहे. पुरुषाबद्दल आपण "तो फसला" म्हणतो, त्याच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीला "फसवणूक" हे नाव देतो, म्हणजे गुन्हा दुसऱ्याने केला हे आपण आपोआप मान्य करतो. बाईच्या बाबतीत त्याच घटनेचे "प्रकरण" होते, "लफडं" होते, "भानगड" होते. त्यात ती भागीदार ठरते. सापळा तोच, पण एकाला बळीची जागा मिळते आणि दुसरीला आरोपीची.

आपल्याकडे या कामासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. चवचाल, उठवळ, नटवी, चालू, बाजारबसवी हे जुने शब्द आहेत. आयटम, माल हे मधल्या काळातले. "पापा की परी" आणि "लाइक्ससाठी काहीही" हे आताचे. या सगळ्यांच्या पुरुषी जोड्या शोधायला गेले की हाती फारसे काही लागत नाही. बायकांच्या मागे फिरणारा पुरुष "रंगेल" असतो, आणि त्या शब्दात निम्मे कौतुकच असते. नवे शब्द विनोदाच्या वेषात येतात, त्यामुळे त्यांना हरकत घेणारी बाई विनोदबुद्धी नसलेली ठरते. "बाईची अब्रू काचेचं भांडं" हे वाक्य तर आपण मुलींना संस्कार म्हणून शिकवतो. त्यात भांडे फोडणाऱ्याविषयी अवाक्षरही नाही. सांभाळण्याची सगळी जबाबदारी भांड्यावरच टाकलेली आहे.

शब्दांनी काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातले दोन निकाल मुद्दाम सांगतो. ठाण्यात जानेवारी २००९ मध्ये सकाळच्या फिरण्याहून परतणाऱ्या एका जोडप्याचा धक्का जिन्यातल्या शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्याला लागला. चिडलेल्या शेजाऱ्याने त्या बाईला उद्देशून "छम्मकछल्लो" हा शब्द वापरला. ती बाई न्यायालयात गेली आणि २०१७ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, दंडाधिकाऱ्यांनी शेजाऱ्याला दोषी ठरवले. शिक्षा होती न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि एक रुपया दंड. हा शब्द आपल्या समाजात बाईची स्तुती करण्यासाठी नव्हे, तर अपमान करण्यासाठी वापरला जातो, असे न्यायालयाने नोंदवले. दुसरा निकाल मुंबईतल्या पॉक्सो न्यायालयाचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा, ऑक्टोबर २०२२ मधला आहे. शाळेतून घरी परतणाऱ्या मुलीला "आयटम" म्हणून तिचे केस ओढणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची कैद झाली, आणि या शब्दामुळे मुलीकडे लैंगिक वस्तू म्हणून पाहिले जाते, हे न्यायाधीशांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. एक रुपयाच्या दंडाला पाहून हसणारे अनेक असतील. मला मात्र त्या बाईचा आठ वर्षांचा चिवटपणा मोठा वाटतो.

आता "लक्ष वेधून घेण्याची हौस" या आरोपाकडे येऊ, कारण ऑनलाइन जगात बाईवरचा बहुतेक दोष याच दाराने आत येतो. रीलवर नाचणारी, साडी नेसून गाणे म्हणणारी, व्यायाम शिकवणारी किंवा राजकारणावर मत मांडणारी बाई संकटात सापडली की "प्रसिद्धी हवी होती ना, मग भोगा" असे ऐकवले जाते. वास्तविक ही सगळी व्यासपीठे लक्षावरच चालतात. माणूस पडद्यावर जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती दाखवता येतात, म्हणून पाहणारे अधिक वेळ कशावर थांबतात याचा हिशेब यंत्र ठेवते आणि तसलेच अधिक पुढे ढकलते. लक्ष वेधणे हा तिथला नियम आहे, आणि तो स्त्रीपुरुष सर्वांना लागू आहे. आपल्या गावांतल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवर "भावी आमदार" असे लिहून चाळीस जणांचे फोटो छापलेले असतात. ती लक्ष वेधून घेण्याचीच धडपड असते. पण त्यांपैकी कोणाची फसवणूक झाली, तर "फ्लेक्स लावला होता ना, मग भोगा" असे कोणी म्हणत नाही. लक्ष हवे असणे ही माणसाची साधी गरज आहे, आणि त्या गरजेचा अर्थ शरीरावरचा हक्क सोडून दिला असा कधीच होत नाही.

कोणाला लक्ष हवे होते, हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो पुरता विचारावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच एका तरुणीच्या शरीरावर बसवलेली बनावट चित्रफीत देशभर पसरली. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुण अभियंत्याला अटक केली, आणि समाजमाध्यमावरच्या आपल्या चाहता-पानाचे अनुयायी वाढावेत म्हणून त्याने ती फीत बनवली, असे पोलिसांनी सांगितले. म्हणजे लक्षाची भूक त्याची होती, आणि त्यासाठी वापरलेले शरीर आणि चेहरा दोन वेगवेगळ्या स्त्रियांचे होते, ज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

"असले फोटो टाकायचेच कशाला" या सल्ल्याचे काय होते, तेही याच काळात दिसले. जुलै २०२१ मध्ये "सुल्ली डील्स" आणि १ जानेवारी २०२२ रोजी "बुल्ली बाई" या नावांची ॲप गिटहब या व्यासपीठावर काढून त्यांत मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा "लिलाव" मांडण्यात आला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या यांचे ते रोजचे, पूर्ण कपड्यांतले फोटो होते. दोन्ही नावांतले शब्द मुस्लिम स्त्रियांना हिणवण्यासाठी आधीपासून वापरात होते. ॲप बनवणाऱ्यांनी शिवी तयार उचलली आणि तिला बटण जोडले. मुंबईच्या सायबर पोलिसांनी दुसऱ्या प्रकरणात बेंगळुरू आणि उत्तराखंडपर्यंत जाऊन अटका केल्या, आणि पकडलेल्यांत कॉलेजवयाची मुले होती, एक तरुणीही होती. त्या स्त्रियांचा गुन्हा एवढाच होता की त्या सार्वजनिक जीवनात दिसत होत्या आणि बोलत होत्या. चेहराच झाकून घ्यायला लावणाऱ्या सल्ल्याला खबरदारी म्हणत नाहीत.

बाईच्या पेशावरून तिच्या खासगीपणाची किंमत ठरवण्याची खोड आपल्या महाराष्ट्रातही खोल आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गावोगावी कार्यक्रम करणाऱ्या एका लोकप्रिय नर्तिकेचे कपडे बदलतानाचे चित्रण तिच्या नकळत करून पसरवण्यात आले. तिचे नाव इथे मुद्दाम घेत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांना ते त्या फितीमुळे ठाऊक व्हावे, हेच वाईट आहे. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. तरीही "स्टेजवर एवढं दाखवते, मग याचं काय एवढं" असे म्हणणारे होतेच. रंगमंचावर ती जे करते ते तिने ठरवलेले असते, तिथे तिचा पोशाख, तिची वेळ आणि तिचे मानधन असते. पडद्यामागे चोरून चित्रण करणाऱ्याने तिच्याकडून नेमका तो निर्णयच हिरावून घेतला. तमाशातल्या आणि लावणीतल्या कलावंत स्त्रियांनी हा भेद पिढ्यान्‌पिढ्या समजावून सांगितला आहे, पण फडावर टाळ्या देणाऱ्या हातांनीच फडाबाहेर त्यांना नावे ठेवली.

इंटरनेटच्या आधीही हेच घडत होते. अजमेरमध्ये १९९२ साली उघड झालेल्या प्रकरणात शाळा-कॉलेजच्या मुलींवर अत्याचार करून त्यांचे फोटो काढले गेले आणि त्या फोटोंच्या धाकाने त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले गेले. फोटो धुवायला दिले तेव्हा रंगीत छपाईच्या प्रयोगशाळेतून त्यांच्या आणखी प्रती निघाल्या, आणि त्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांनीही मुलींना धमकावायला सुरुवात केली. म्हणजे आज आपण ज्याला "व्हायरल" म्हणतो ते तेव्हा कागदावर घडले. अनेक मुली आणि त्यांची कुटुंबे साक्षीला आली नाहीत. शेवटच्या सहा आरोपींना जन्मठेप सुनावली गेली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. शाळकरी मुली तोवर आज्या होण्याच्या वयाला आल्या होत्या. आपल्याकडे जळगावमध्ये १९९४ साली अशाच धर्तीचे प्रकरण उजेडात आले, आणि मराठी वृत्तपत्रांनी त्याला "वासनाकांड" म्हटले. धमकी, खंडणी आणि संघटित अत्याचार यांना "वासना" म्हटले की गुन्ह्याची जागा चटकदार गोष्टीला मिळते.

कायद्याने या गोष्टीकडे कसे पाहिले, तो भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, पण समजून घेण्याजोगा आहे. सुरुवातीला सांगितलेले दिल्लीचे प्रकरण घडले तेव्हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मुख्य कलम होते ते ६७, आणि ते अश्लीलतेचे कलम होते. अश्लीलतेचा कायदा चित्राकडे पाहतो आणि पाहणाऱ्याचे मन त्याने बिघडेल का, असे विचारतो. चित्रातल्या व्यक्तीची संमती होती का, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसतच नाही. २००८ च्या दुरुस्तीने ६६-ई हे कलम आले, ज्यात एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच दुरुस्तीत ६७-ए हे कलमही आले, ज्यात लैंगिक कृती दाखवणारे साहित्य पाठवण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि संमतीचा उल्लेख नाही. आपल्या मित्राला विश्वासाने स्वतःचे चित्रण पाठवणाऱ्या मुलीला "तूही पाठवलं होतंस, म्हणजे तुझ्यावरही केस होईल" अशी भीती घातली जाते, ती या फटीतूनच. खासगीपणाच्या भंगाला कमी शिक्षा आणि लैंगिकतेच्या दर्शनाला जास्त, या मापातच कायद्याचा जुना कल दिसतो.

यातून बाहेर पडण्याची वाट २०१३ मध्ये मिळाली. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर झालेल्या दुरुस्तीने चोरून पाहणे आणि चित्रण करणे यांबद्दल भारतीय दंड संहितेत ३५४-सी हे कलम घातले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ म्हणून आहे. या कलमाला जोडलेले दुसरे स्पष्टीकरण माझ्या मते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. त्याचा आशय असा: बाईने चित्रण करायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्या व्यक्तीला दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हाच आहे. "तिनेच तर फोटो काढू दिला होता" या सर्वांत चलनी वाक्याला कायद्याने इथे थेट उत्तर दिले आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा तसाच गुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. पश्चिम बंगालमधल्या तमलुक येथील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मैत्रिणीचे खासगी चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा चित्रण कोणी आणि कशासाठी पाठवले होते यापेक्षा ते पसरवले कोणी, हा प्रश्न खटल्याच्या केंद्रस्थानी होता.

न्यायालयांनाही ही दोष देणारी भाषा सोडवत नव्हती, याची मोठी परंपरा महाराष्ट्रातूनच सांगता येते. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हटले आणि आरोपी सुटले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. दुसऱ्या एका प्रकरणात, गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरणाऱ्या पोलीस निरीक्षकाची बडतर्फी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती, कारण अशा "चारित्र्याच्या" बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी घालवणे त्याला धोक्याचे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे फिरवले आणि सांगितले की चारित्र्याबद्दल काहीही बोलले जात असले, तरी प्रत्येक स्त्रीला खासगीपणाचा हक्क आहे आणि वाटेल तेव्हा त्यावर आक्रमण करण्याचा अधिकार कोणाला नाही. हा निकाल त्या नर्तिकेला, रीलवर नाचणाऱ्या मुलीला आणि मित्राला फोटो पाठवणाऱ्या विद्यार्थिनीला जसाच्या तसा लागू पडतो.

तरीही बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री "सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची" आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा पुरावा कायद्यात होती, ती २००२ च्या दुरुस्ती कायद्याने गेली. विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये घातली. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि न्यायाधीशांनी कोणते ठोकळेबाज शेरे टाळावेत, हे लिहून दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कार्यकाळात एक पुस्तिकाच निघाली. तीत "चिथावणीखोर कपडे" यांऐवजी नुसते "कपडे" आणि "पतित स्त्री" किंवा "शीलवान स्त्री" यांऐवजी नुसते "स्त्री" असे लिहावे, अशा अर्थाचे तक्ते होते. विशेषण गेले की निकालपत्रात उरते ते आरोपीने काय केले, एवढेच.

हीच शिस्त बातमीला आणि बोलण्यालाही लागू व्हायला हवी. "व्हिडिओ व्हायरल झाला" या वाक्यात कर्ताच नाही. जणू ती फीत आपल्या पायांनी चालत गेली. "रिव्हेंज पॉर्न" या शब्दात सूड आहे, म्हणजे बाईने आधी काही आगळीक केली होती असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि "पॉर्न" म्हटल्यावर ते करमणुकीच्या खात्यात जाते. दक्षिण कोरियात छुप्या चित्रणाला "मोल्का" म्हणत. हा शब्द दूरचित्रवाणीवरच्या गमतीच्या कार्यक्रमातून आला होता. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने त्याऐवजी "बेकायदा चित्रण" म्हणायचे ठरवले, आणि टेलिग्रामवरच्या टोळ्यांनी मुलींचे शोषण केल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये कायद्यातला अल्पवयीनांच्या "अश्लील साहित्या"चा उल्लेख जाऊन "लैंगिक शोषणाचे साहित्य" असा आला. शब्द बदलल्याने गुन्हे थांबले नाहीत. पण पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला आपण कोणत्या रांगेत आहोत, हे त्या शब्दावरून कळते.

तेव्हा असा प्रसंग आला तर काय करावे, तेही सांगतो. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिल्यावर मागणी वाढते. संदेश पुसून टाकण्याची घाई करू नये. खात्याचे नाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल अशी पडद्याची चित्रे आधी जपून ठेवावीत. केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. व्यासपीठालाही थेट कळवावे. २०२१ च्या नियमांनी नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारी, तसेच बनावट जुळवलेली चित्रे व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन त्यांच्यावर घातले, आणि २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत दोन तासांवर आणली. स्टॉप एनसीआयआय ही सेवा प्रौढांसाठी आहे. ती तुमच्या फोनवरच चित्राचा एक सांकेतिक आकडा बनवते, जो चित्रासाठी बोटाच्या ठशासारखा असतो. चित्र फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तेच चित्र कोणी चढवू लागले की ओळखले जाते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी टेक इट डाउन ही अशीच सेवा आहे.

पोलीस ठाण्यात जाताना लेखी तक्रार सोबत न्यावी. अनेक मुलींच्या तक्रारीची सुरुवात "माझ्याकडून चूक झाली" अशी असते. हे वाक्य तिथे नको. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यावरून, कोणाकोणाला काय पाठवले आणि त्याआधी कोणती धमकी दिली, इथूनच सुरुवात करावी. नाते कसे होते, फोटो का काढला, कपडे कोणते होते, हे गुन्ह्याचे घटक नाहीत. घटना कुठेही घडलेली असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. कलम ७७ सारख्या गुन्ह्यांत पीडित स्त्री स्वतः माहिती देत असेल, तर ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. नोंदलेली तक्रार वाचून दाखवली जाते, तेव्हा त्यात आपण न बोललेला एखादा शेरा शिरला असेल तर तो काढायला सांगावा, मगच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य द्यावी लागते.